कॅप्टन टपालच्या दोनशे बारा पानांची विल्हेवाट

मी, फ्रीडा ओस्ट्रोव, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, धंदा पूर्वी कॉमिक मासिकांचे संपादन, सध्या काही नाही, राहणार ब्रायटन बीच, ब्रुकलिन, न्यू यॉर्क, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही असं लिओनर्ड म्हणतो. लिओनर्ड हा माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, वकील आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दाब नाही, मला कोणी फूस लावलेली नाही, आणि मी लिंबू घातलेल्या चहाखेरीज काही प्यायलेले नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नसल्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही.

लिओनर्ड म्हणाला होता, "मावशी, तू फक्त काय कोणाला ते लिही, भाषा मी घालतो." सतरा वर्षं कॉमिकच्या खोलीत आणि पुढे वीस वर्षं शिवणकामाच्या मासिकात मी लोकांची भाषा दुरुस्त करून पोट भरलं. आता माझ्या शेवटच्या मजकुरात हा भाषा घालणार! त्याने फक्त टंकलेखन करावं. स्वल्पविरामाला हात लावू नये.

कलम एक. आधी घर, मग पैसे, मग किरकोळ, ही वकिलांची रीत. माझी सगळ्यात मोलाची वस्तू पलंगाखाली आहे, तेव्हा मी तिथूनच सुरू करते.

माझ्या पलंगाखाली टोप्यांचे अकरा खोके आहेत. वडील टोप्या शिवायचे, खोके त्यांचे. आत 'कॅप्टन टपाल' या कॉमिकची दोनशे बारा मूळ पानं आहेत. प्रत्येक पान आडवं कापून तीन पट्ट्या केलेल्या, म्हणजे सहाशे छत्तीस पट्ट्या. प्रत्येकीच्या मागे अंक, पान आणि वरची-मधली-खालची अशी पेन्सिलीची खूण आहे. हे सर्व खोके मी श्री. ओरेस्ते पालुम्बो, चित्रकार, राहणार गेरिट्सन बीच, ब्रुकलिन, यांना देते. पानं त्यांनी काढली. पट्ट्या मी केल्या. गेली एकोणतीस वर्षं ते असं समजून आहेत की मी ती जाळली.

हे कलम लिओनर्डला नुसतं वाचून कळायचं नाही, म्हणून खुलासा करते.

१९३८ साली मी मॅनहॅटनमध्ये त्रेचाळिसाव्या रस्त्यावर, पाचव्या मजल्यावरच्या एका लांब खोलीत कामाला लागले. मालक ड्वोरकिन. खोलीच्या एका टोकाला कोरा कागद आत जायचा. एकजण पेन्सिल करायचा, दुसरा शाई, तिसरा मागची घरं आणि झाडं, मी बोलण्याच्या फुग्यांतली अक्षरं. दुसऱ्या टोकाला पान बाहेर. पेन्सिलवाला ओरेस्ते. पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, तुमची अक्षरं चांगली आहेत, पण माझ्या माणसाचं डोकं का झाकलंत?" मी म्हटलं, "तुमच्या माणसाला बोलायला फार लागतं म्हणून." तिथून आमचं जमलं.

ओरेस्तेचा थोरला भाऊ टपाल वाटायचा. दुपारी आमच्याकडे येऊन बूट काढायचा, पाय बादलीत घालायचा आणि जिन्यांना शिव्या द्यायचा. एक दिवस मी सहज म्हटलं, "हा उडत का नाही?" ओरेस्तेने हातातलं सँडविच ठेवलं आणि तिथल्या तिथे त्याला खांद्यावर पिशवी घेऊन गच्चीवरून उडताना काढला. नाव मी दिलं. गुंडांना बदडून झालं की हा गडी पत्र द्यायला विसरायचा नाही, ही कल्पना कोणाची यावर आम्ही अजून भांडू शकतो. माझी होती.

मग युद्ध आलं, पुरुष गेले, आणि मालकाने खोलीभर नजर फिरवली तेव्हा मजकुराचं काही कळणारी मीच उरले होते. अशी मी संपादक झाले. ओरेस्ते इटलीहून जिवंत परत आला तेव्हा मी त्याची वरिष्ठ होते. त्याला त्याचं काही वाटलं नाही. मला थोडं वाटलं, छान वाटलं.

त्याला एक खोड होती. कॅप्टनने ठोसा मारला की मूठ चौकटीतून बाहेर यायची, मधली पांढरी पट्टी ओलांडून खालच्या ओळीतल्या चौकटीत. मी ओरडायचे, "ओरी, चौकटीत राहा! खाली माणसं जेवतायत, त्यांच्या सूपमध्ये वरून हात कुठून आला?" तो म्हणायचा, "ज्याला लागला त्याला विचार." दर महिन्याला हेच. मला ती मूठ आवडायची, पण तसं मी त्याला कधी सांगितलं नाही. संपादकाने सगळं सांगायचं नसतं.

पंचावन्नमध्ये सगळं बसलं. कॉमिकमुळे पोरं बिघडतात असं मोठमोठे डॉक्टर आणि पाद्री बोलायला लागले, गावोगावच्या आयांनी अंगणात अंक जाळले, विक्रेत्यांनी गठ्ठे न सोडता परत पाठवले. ड्वोरकिनने दुकान गुंडाळलं. आमच्या धंद्यात मूळ पान मालकाचं, चित्रकाराचं नव्हे. ते दुसऱ्या कोणी उचलून छापू नये म्हणून कापून भट्टीत टाकायचं, ही सगळीकडची रीत. आधीची किती पानं गेली कोण जाणे. कपाटात दोनशे बारा राहिली होती. हुकूम आला: प्रत्येकाचे तीन तुकडे, मग तळघरात. देखरेखीला मालकाचा मेहुणा. सुरी माझ्या हातात.

हुकूम तीन तुकड्यांचा होता. तुकडे कुठून करायचे हे त्यात नव्हतं. मी मोजपट्टी लावून चौकटींच्या ओळींमधल्या पांढऱ्या जागेतून कापलं. चित्राला धक्का नाही. फक्त ओरेस्तेच्या त्या मेल्या मुठी मध्ये यायच्या! त्या आल्या की मोजपट्टी बाजूला ठेवून, बोटांच्या कडेकडेने, सुरीचं टोक वळवत कापायचं. मेहुणा म्हणाला, "किती वेळ लावता बाई?" मी म्हटलं, "सुरी बोथट आहे." थोड्या वेळाने तो खुर्चीत घोरायला लागला. 'दोनशे बारा पाने, नष्ट' अशी पावती त्याने जागा झाल्यावर सही करून दिली. तीही पहिल्या खोक्यात आहे. तळघरात क्लेमेंट होता, बार्बाडोसचा, इमारतीची भट्टी सांभाळायचा. त्याने माझ्याकडे बघितलं, पट्ट्यांकडे बघितलं, आणि पट्ट्यांऐवजी जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या भट्टीत लोटल्या. देव त्याचं भलं करो.

पण मेहुणा झोपण्याच्या आधी एक घडलं. ओरेस्ते आपली पानं मागायला आला होता. काचेच्या दारातून त्याला मी दिसले, हातात सुरी, सुरीखाली त्याचं पान. दार उघडून एवढंच म्हणाला, "फ्रीडा? तू?" शेजारी मेहुणा उभा. मी एक अक्षर बोलले असते तरी पानं गेली असती. मी मान खाली घालून कापत राहिले. तो गेला.

मी पत्रं लिहिली, दोन. न उघडता परत आली. फोन केला, आवाज ओळखून ठेवून दिला. मग मलाही राग आला. सतरा वर्षं शेजारी बसलेल्या माणसाला माझ्याबद्दल असं वाटावंच कसं? म्हटलं, नाही तर नाही. आणि एका 'नाही तर नाही'मध्ये एकोणतीस वर्षं गेली. या खोलीपासून त्याचं घर बसने वीस मिनिटांवर आहे.

ते खोके त्याने घ्यावेत, एवढंच मला हवं आहे. बाकी कलमं कशीही पार पडली तरी चालतील.

कलम दोन. ही दोन खोल्यांची सदनिका, खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राच्या चिंधीसकट, लिओनर्डची मुलगी टोबी हिला. बँकेतलं जे असेल तेही तिलाच. टोबी चित्रकलेच्या शाळेत जाते आणि नुसते ठिपके काढते. काढो. न्हाणीघराचा नळ डावीकडून उजवीकडे फिरवायचा, उलटा नाही, आणि खालच्या मजल्याशी भांडायचं नाही. खाली राया राहते.

कलम तीन. माझी हत्यारं, म्हणजे अक्षरांचे सात टाक, लाकडी टी-पट्टी, निळ्या पेन्सिली, हेही टोबीला. ती सुरी नाही. सुरी मी १९५५ सालीच हडसनमध्ये टाकली. एवढं नाटक मी आयुष्यात एकदाच केलं.

कलम चार. मेजर हॉलिस पेंडल्टन यांच्याविषयी. टपालखात्याचा नियम होता की मासिकाला डाकेची सवलत हवी तर दर अंकात दोन पानं निव्वळ मजकूर पाहिजे, चित्रं नकोत. पोरं ती दोन पानं बोट ओलं करून उलटायची. पण कोणीतरी लिहायला तर हवीच. ती मी लिहायचे, मेजर पेंडल्टन या नावाने, वाघ, वाळवंट, बुडालेली जहाजं. मी न्यू जर्सीच्या पलीकडे गेलेली नाही. मेजरना ओहायोहून एका विधवेने लग्नाचं विचारलं होतं. मी त्यांच्या वतीने सभ्य नकार कळवला. माझ्यानंतर वर्तमानपत्रात दोन ओळी द्याव्यात की मेजर शांतपणे निवर्तले. खर्च माझ्या पैशांतून.

कलम पाच. माझे राग. डॉक्टर, पाद्री आणि त्या अंगणातल्या आया, यांना माफ. त्यांनी अंक जाळले, पण निदान विकत घेऊन जाळले. ड्वोरकिन वारला, त्याला माफ नाही. त्याच्या वारसांपैकी कोणी उद्या खोक्यांवर हक्क सांगत आलं, तर लिओनर्डने ती पावती दाखवावी. जे त्यांच्याच सहीने नष्ट झालं ते मी चोरलं कसं, याचं उत्तर त्यांनी लेखी द्यावं.

इथपर्यंत गेल्या महिन्यात एका सोमवारी लिहिलं आणि मला फार बरं वाटलं. मंगळवारी दुपारी लिओनर्ड आला. मी खारवलेला हेरिंग मासा आणि राय धान्याचा पाव पुढे ठेवला. खाता खाता वाचत होता, पहिल्याच कलमाला थांबला.

"मावशी, हे पालुम्बो किती वर्षांचे?"

"माझ्याहून चारने मोठा."

"म्हणजे पंच्याहत्तर. ते तुझ्याआधी गेले तर हे कलम बाद."

"बाद म्हणजे?"

"खोके टोबीकडे जातील."

"टोबीचा काय संबंध? ती ठिपके काढते!"

"तेच म्हणतोय. बरं, समजा तू आधी गेलीस. मी अकरा खोके घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. ते विचारणार, बाईंनी स्वतः का नाही आणले? मी काय सांगू?"

"सांग, गुडघे."

"मावशी."

मी म्हटलं चहा गार होतोय. तो गेल्यावर मी कलम एक पुन्हा वाचलं. मृत्युपत्रात लिहिलं की तोंड दाखवावं लागत नाही, खरं कारण हे होतं. तो दार आपटेल याची मला भीती वाटत होती आणि मेलेल्या माणसाच्या तोंडावर कोणी दार आपटत नाही. मला स्वतःची लाज वाटली, हे इथे लिहून ठेवते.

बुधवारी सकाळी राया भाजी आणायची दोन चाकांची गाडी घेऊन वर आली. राया ओडेसाची, पाच वर्षांपूर्वी आली, आमचं बोलणं निम्मं यिद्दिश या ज्यू बोलीत आणि निम्मं हातवाऱ्यांनी चालतं. म्हणाली, "मीपण येते. एकटी गेलीस तर फाटकापासून परत फिरशील." गाडीत एकच खोका ठेवला आणि आम्ही बसने गेलो. फाटकापाशी मी खरंच वळले. रायाने गाडी आडवी लावली.

दार त्याने स्वतः उघडलं. केस सगळे गेलेले, चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड.

"कोण?"

"फ्रीडा."

"कुठली फ्रीडा?"

"किती फ्रीडा ओळखतोस?"

"एक होती. ती मला मेली."

"मृत्युपत्र लिहितेय अजून. झालं नाही म्हणून आले."

तो दार लावणार होता. मी पाहिलं, त्याचा हात कडीवर गेला होता. मग राया माझ्या मागून ओरडली, तिला येणाऱ्या पाच-सहा इंग्रजी शब्दांत, "म्हाताऱ्या! खोका जड! उघड!" आणि गाडी सरळ त्याच्या पायावरून आत नेली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी झाकण काढलं. तो उभाच होता. मी एक वरची पट्टी ठेवली, तिच्याखाली मधली, तिच्याखाली खालची, आणि सरकवून जुळवली. तो वाकला. नाक कागदाला लागेपर्यंत वाकला. मग त्याने अंगठा त्या कापलेल्या कडेवरून फिरवला, जिथे मूठ खाली येते तिथे, प्रत्येक बोटावरून, सावकाश.

"हे तू बोटांच्या कडेने कापलंस?"

"एका मुठीला पाच मिनिटं लागायची. किती मुठी काढल्यास रे!"

"आणि तो तिथे उभा होता?"

"म्हणून तर बोलले नाही."

तो खुर्चीत बसला. चष्मा काढला, शर्टाने पुसला, परत घातला, परत काढला. रायाने न विचारता किटली चुलीवर ठेवली. मग तो म्हणाला, "इथे एक करंगळी कापली गेलीय."

"सगळ्या पानांत मिळून तेवढी एकच!"

"मी फक्त म्हटलं. एकोणतीस वर्षं, बाई! परत फोन करता आला नाही?"

"उचलला असतास?"

"नसता," तो म्हणाला. "पण तू करायचा होतास."

खरं आहे. करायचा होता. मी तसं म्हटलं आणि मग मला रडू आलं, आणि मला गप्प करायला जाऊन तोही रडला. राया आम्हा दोघांना रशियनमध्ये काहीतरी वाईटसाईट बोलली आणि तिने बिनसाखरेचा चहा पाजला. गुरुवारी त्याचा जावई मोटार घेऊन आला आणि उरलेले दहा खोके घेऊन गेला. माझ्या पलंगाखाली आता झाडू फिरतो.

कलम सहा. साक्षीदारांविषयी. लिओनर्ड म्हणतो दोन हवेत, आणि मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याने साक्ष केली तर त्याचं मिळणं जातं. रायाला मी शिवणयंत्र ठेवणार होते. ते तिने कालच खाली नेलं, म्हणजे ती मोकळी. दुसऱ्या सहीसाठी लिओनर्ड आपल्या कचेरीतला कोणी कारकून आणणार होता. त्या वेळी ओरेस्ते माझ्याकडे जेवायला आलेला होता. म्हणाला, "मी करतो."

"तुमची सही नाही चालणार," लिओनर्ड म्हणाला. "कलम एक तुमच्या नावावर आहे."

"तिला खोडायला सांगा."

"मग तुम्हाला या मृत्युपत्रातून काहीच मिळणार नाही, श्री. पालुम्बो."

"काय मिळणार आणखी? तिचे गुडघे?"

तरी, वरील कलम एकमधील देणगी मी याद्वारे पूर्णपणे रद्द करते, कारण ती वस्तू आता माझ्या मालकीची राहिलेली नाही. खुलासा मात्र तसाच ठेवावा. लिओनर्डने तो गाळल्यास त्याला टोबीच्या लग्नात माझ्या नावाने एकही केकचा तुकडा मिळू नये. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी गेरिट्सन बीचला जाते. तो पट्ट्या जुळवतो, मी मागून चिकटवते. आतापर्यंत तीन पानं झाली. या वेगाने दोनशे बारा व्हायला जेवढी वर्षं लागतील तेवढी मला जगावी लागणार असल्यामुळे, या मृत्युपत्राची घाई कोणी करू नये.

वरील सर्व मी वाचून पाहिलं, मला समजलं, मान्य आहे.

ब्रायटन बीच, ब्रुकलिन. रविवार, १८ मार्च १९८४.

फ्रीडा ओस्ट्रोव

साक्षीदारांनी आपापल्या हाताने लिहायचं ते असं:

१. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मला या कागदातून काही मिळत नाही. यंत्राची सुई मोडकी निघाली.
राया फिशलेवा, खालचा मजला.

२. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या शुद्धीवर आहेत. पहिल्यापासून होत्या, मीच नव्हतो. मला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. बाईंनी जिवंतपणीच दिलं.
ओरेस्ते पालुम्बो, चित्रकार.